डब्यावरचं बाळ

ट्रेडमार्कच्या जुन्या नोंदी सांभाळणं हे माझं काम. दुधाच्या पावडरीच्या एका डब्यावर पूर्वी गुटगुटीत बाळ असायचं. ते चित्र ज्यावरून काढलं, तो काचेवरचा मूळ फोटो आमच्या कपाटात आहे. त्याची प्रत मागायला एक शिक्षिका आल्या.

"हे बाळ म्हणजे माझी आई," त्या म्हणाल्या. "आणि तिला जन्मात कधी दूध पचलं नाही, बोला!"

फोटोत बाळ खुर्चीवर बसल्यासारखं वाटतं. नीट पाहिलं की कळतं, खुर्ची नाही, चादर पांघरलेलं कुणीतरी आहे. त्या काळी फोटोला वेळ लागे. मूल हलू नये म्हणून आईच अशी झाकून बसायची.

"आजी त्याच वर्षी गेली. तिचा दुसरा फोटो नाही. आई आता अंथरुणाला खिळलीय आणि एकच धोशा लावलाय, माझ्या आईचं तोंड दाखवा."

"पण ताई, चेहरा तर झाकलेला आहे."

"ठाऊक आहे हो. तिला कोण समजावणार?"

मी प्रत दिली. बाळाच्या दोन्ही मुठी मांडीवर मिटलेल्या होत्या.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. आईनं प्रत चुरगाळून टाकली होती. मी काच पुन्हा काढली.

बाळाची उजवी मूठ वर गेली होती. मुठीत चादरीची कड होती. वर झाकलेल्या बाईची हनुवटी दिसत होती.

काच तीच होती, कोपऱ्यातला टवकाही तोच. दमट हवेत काचेवरचा रसायनाचा जुना थर सरकतो, असं मी स्वतःला सांगितलं. मग संगणकावरची पहिली प्रत उघडली. तिच्यात दोन्ही मुठी मांडीवरच होत्या. लगेच बंद केली.

बाई नव्या प्रतीकडे बघत राहिल्या. "आजीची हनुवटी थेट आमच्या आईसारखी. आधी दिसली नव्हती, नाही?"

"उजेड कमी-जास्त होतो."

"आई हल्ली दिवसभर अंगावरची चादर ओढत असते," त्या जाता जाता म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, शेवटी करतात तसं. पण सारखी उजव्याच हातानं."

मी काच कपाटात परत ठेवली.

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"आई सकाळी गेली. समोर बघून हसली. 'दिसली गं,' म्हणाली. मग आम्ही तिच्या तोंडावर चादर ओढली, पण कड काही तिच्या मुठीतून सुटेना. तशीच राहू दिली."

"वाईट झालं, ताई."

"वेड्यासारखं विचारतेय. आजीचा चेहरा आता दिसतो का हो त्यात?"

मी रिसीव्हर खांद्याशी धरून कपाट उघडलं. काच उजेडात धरली.

तरुण बाई. केस नीट विंचरलेले. सरळ माझ्याकडे बघत होती.

"दिसतो," मी म्हणालो.

"मग द्या ना प्रत. आत्ता निघते."

चादर तिच्या मांडीवर होती. बाळावरून, डोक्यापासून पायापर्यंत ओढलेली. उजवी मूठ तेवढी बाहेर राहिली होती, कड घट्ट धरून.