दारावरच्या विटा

ऊन उतरल्यावर दयाराम मिस्त्री आला. नेहरू नगरातल्या आमच्या घराची दर्शनी भिंत उघड्या विटांची आहे. पुढच्या दारावर एक चीर गेली होती. माझी मुलगी मृणाल दिवसभर त्याच दारातून ये-जा करते, म्हणून मला चैन नव्हतं.

दयारामने दारावरची एक वीट काढून आत हात घातला. ओल्या लोखंडाचा वास आला.

"सर, अँगल कुठं हाय?"

"म्हणजे?"

"ह्या विटा ज्याच्यावर बसते, तो लोखंडी अँगल. पुरा भुगा झाला हो." त्याने मूठ उघडली. तांबडी पूड. "मंग विटा कावून नाही पडल्या? तुम्ही तं कॉलेजात हेच शिकवत होते."

मी चष्मा पुसला. सिमेंटच्या पकडीबद्दल काहीतरी पुटपुटलो. माझं मलाच पटलं नाही.

त्याने खाली टेकू लावला, पाचर ठोकली. टेकू सैलच राहिला. भार त्याच्यावर येतच नव्हता.

तेव्हा मला कमलिनी आठवली. माझी बायको, गेल्या वर्षी गेली. तिचा खांदा आखडला होता. व्यायाम म्हणून ती रोज याच दारात चवड्यांवर उभी राहून दोन्ही तळहात दारावरच्या विटांना टेकवायची. "घर मीच धरून ठेवलं आहे," म्हणायची. "हात सोडले तं बसाल बोंबलत."

मी कान दिला. विटांमागे... दमलेल्या माणसाचा श्वास.

"मृणाल, ऐकू येतंय?"

"बाबा, उगाच टेन्शन घेऊन राहिले तुम्ही. नवा अँगल टाकू द्या त्यांना."

"आणि... तिचे हात?"

"कोणाचे?"

नको म्हणावंसं वाटलं. पण मृणाल नेमकी त्या विटांखाली उभी होती. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अँगल बसला. श्वास थांबला. "आता वर हत्ती उभा करा," म्हणत दयाराम गेला.

मी खुर्चीत टेकलो. हलकं वाटायला हवं होतं, पण उठता येईना. मृणाल चहा घेऊन आली आणि मागेच थबकली.

"बाबा, शर्टाला गंज कशाचा?"

दोन्ही खांद्यांवर, मागून पुढे आलेली चार-चार बोटं. तिने ओढणीने एक ठसा पुसला.

तो पुन्हा उमटला. मघापेक्षा घट्ट.