काडीवरचे केक आणि अर्धं शटर

“अरे, गोळा वळतोयस की कुणाला बुकलतोयस?” टिटवी ओरडली.

“मग निसटतो कशाला काडीवरून?” ढब्बूनं आणखी एक गुद्दा हाणला. केकचा चुरा भिंतीवर उडाला.

उद्या सुट्टीचा मेळा! शंभर काडीवरचे केक करायचे होते, तेही खाऊच्या पैशात. म्हणून नाक्यावरच्या बेकरीवाल्या मामांकडून केकच्या कापलेल्या कडा आणायच्या, त्यांत बरणीच्या तळाचा जॅम खरवडून घालायचा, आणि गोळा हिममानवासारखा दिसावा म्हणून वरून खोबऱ्याचा बर्फ आणि काळ्या तिळांचे डोळे. कालचे चाळीस गोळे फ्रीजरमध्ये दगड झाले होते. पण काडीवर एकही टिकत नव्हता!

“हा गोठलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन मामांनाच विचारू या,” टिटवीचा दादा, म्हणजे प्रोफेसर, चष्मा पुसत म्हणाला.

टिटवीनं ढब्बूनं आज आणलेल्या कडांच्या पिशवीत हात घातला आणि किंचाळली. बोटातून रक्ताची धार लागली. चुऱ्यात जाड निळी काच चमकत होती.

“मामांच्या दुकानातल्या निळ्या बरणीची!” ती कुजबुजली. “दादा, मामा तर पीठसुद्धा दोनदा चाळतात. ढब्बू, पिशवी मामांनीच दिली ना?”

“नाही गं. शटर अर्धं खाली होतं. मी हाक मारली, तर कुणीतरी दाढीवाल्यानं खालून ढकलली. म्हणाला, घे आणि पळ!”

तिघंही धावले. ढब्बूच्या काखेत गोळ्यांचा डबा तसाच होता.

बेकरीबाहेर चौकीदार स्टुलावर बसून मोबाइलमध्ये बुडाला होता. आत काहीतरी धाडकन आदळलं.

“काका, आत मारामारी चाललीय!”

“साफसफाई चाललीय! चला, पळा इथून. शेंबूड पुसता येत नाही आणि निघाले चौकशीला!”

तिघं मागच्या खिडकीशी गेले. टिटवीनं आत डोकावलं. मामा जमिनीवर. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, पांढरा सदरा लाल. दाढीवाल्यानं त्यांचा अंगठा शाईत बुडवला होता. दुसरा, बैलासारखा जाड, बरगडीत लाथा घालत होता.

“उठव अंगठा! लिहून दे, बेकरी आमची!”

“जीव घ्या,” मामा रक्त थुंकत म्हणाले. “अंगठा नाही उठणार.”

“मग भट्टीतच घालू तुला!” जाड्यानं भट्टीचं दार उघडलं. आत निखारे धगधगत होते.

“दादा, तू लोकांना गोळा कर,” टिटवी म्हणाली.

“आणि तू?”

ती मागच्या दारातून आत शिरलीसुद्धा होती! तिच्यामागून ढब्बूही शिरला आणि त्यानं डबा उघडला. फाट! पहिला गोळा जाड्याच्या कानशिलावर बसला. फाट! दुसरा नाकावर. नाकातून रक्ताचा ओघळ आला.

“कार्ट्या, चिरडीन तुला!” तो धावून आला. टिटवीनं मैद्याचं पोतं फोडून ओंजळभर पीठ थेट त्याच्या डोळ्यांत फेकलं. तो आंधळ्यासारखा चाचपडत शीतखोलीत घुसला. ढब्बूनं दार लोटून कडी घातली.

“सापडला मासा!”

इतक्यात दाढीवाल्याची थप्पड टिटवीच्या कानाखाली बसली. ती भिंतीवर आपटली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात रक्ताची खारट चव आली. त्यानं मामांची मान धरली आणि भट्टीकडे ओढली. मामांचे केस करपल्याचा वास सुटला.

ओट्यावर लाटणं होतं. टिटवीनं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं बळ एकवटून त्याच्या मनगटावर हाणलं.

कट्‌!

तो गुरासारखा हंबरला, मामांना सोडून शटरखालून बाहेर सटकला आणि चौकीदाराच्या स्टुलावर आदळला. तोवर प्रोफेसरनं अख्खी गल्ली गोळा केली होती. धोबी, न्हावी, दूधवाली, सगळे त्याच्यावर तुटून पडले.

पोलीस आले, डॉक्टरही आले. फौजदारांनी ढब्बूची पाठ थोपटली. “शाब्बास! असे वाघ हवेत!”

“मी वाघ, ती टिटवी आणि चौकीदारकाका कासव,” ढब्बू म्हणाला. चौकीदाराची मान खाली गेली.

टिटवी मात्र पायरीवर एकटीच बसली होती. डोक्याला पट्टी बांधलेले मामा लंगडत आले आणि शेजारी टेकले.

“काय गं, दुखतंय?”

“मामा, त्याचं हाड मोडलं. मला ऐकू आलं.” तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. “सारखं ऐकू येतंय.”

मामा हळूच म्हणाले, “मलाही आलं, पोरी.”

त्यांनी तिचे पिठाळलेले हात आपल्या सुजलेल्या ओंजळीत घेतले. आत फौजदार अजून कौतुक करत होते, लोक टाळ्या वाजवत होते. मामा हलले नाहीत. तिची थरथर थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले.