गोदाचा अंगठा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

गेल्या मे महिन्यातला शुक्रवार. संध्याकाळचे सव्वासात. कुंभकोणम् स्टेशनजवळचं एक हॉटेल, खाली लग्नाचा हॉल. नाव सांगत नाही. अजून तिथलाच पगार खातो.

मी जानकीराम, हाउसकीपिंगचा सुपरवायझर. आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी, बाहेर तमिळ. गोदा माझी चुलत बहीण. लाँड्रीत मीच तिला लावलं होतं.

हजेरीला अंगठ्याचं मशीन आहे. अंगठा लागला की मशीनमधली बाई बोलते, "थँक यू." नाही लागला की, "प्लीज ट्राय अगेन."

गोदाचा कधीच पटकन लागायचा नाही. दिवसभर ब्लीचच्या पाण्यात हात... साल पांढरी पडून सुटायची. पदराला पुसायची, पुन्हा लावायची. तीन वेळा "ट्राय अगेन", मग "थँक यू". रोज तसंच.

नियमाने जादा तासाला दुप्पट पगार. म्हणून मॅनेजर चारच्या ठोक्याला लाँड्रीतल्या सगळ्यांचा अंगठा लावून घ्यायचा आणि परत कामाला जुंपायचा. कागदावर ओव्हरटाइम नाहीच! बदल्यात काय, तर लग्नातलं उरलेलं पायसम्, म्हणजे खीर, पिशवीत बांधून. तेही आंबलेलं. गोदा ते वाटेत ओतून द्यायची. मला शिसारी यायची, पण बोललो कधी नाही.

त्या शुक्रवारी दोन लग्नं होती. चारला अंगठा लावून ती माझ्याकडे आली.

"अण्णा, छातींत कसंसं होतें. घरीं जाऊं कां?"

"थांब गे थोडी. अजून चारशे चादरी आहेत."

"सरी, अण्णा," बरं म्हणून ती परत चादरींकडे गेली.

सव्वासातला ती चादरींच्या ढिगावर पडली. उठली नाही.

मॅनेजर म्हणाला, "मशीन बघा, ती चारलाच गेली. कामावर मेलीच नाही. भरपाई कसली?"

लेबर ऑफिसने माझा जबाब मागितला. मागे तिची मुलगी कीर्ति, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. भरपाई मिळाली तरच तिचं शिक्षण पुरं होणार. पण माझा हात दगडाखाली होता. मी लिहून दिलं, 'गोदा चार वाजता गेली.'

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. थू माझ्यावर!

जबाब दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी घरी जायला लाँड्रीतून मागच्या दाराकडे चाललो होतो. तिथेच ते मशीन.

"प्लीज ट्राय अगेन."

मशीनपाशी कुणी नव्हतं...

"प्लीज ट्राय अगेन."

ब्लीचचा वास आला. त्यात आंबलेल्या पायसम्‌चा...

"प्लीज ट्राय अगेन."

मग "थँक यू".

काच ओली होती. त्यावर पांढऱ्या सालीचा एवढासा तुकडा चिकटलेला. मी रुमालाने तो पुसला. हाताने नाही, रुमालाने. तरी अजून तो हात तोंडाजवळ नेता येत नाही.

मग मी माझा अंगठा लावला.

"प्लीज ट्राय अगेन."

पुसला, परत लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

चौथ्यांदा... "थँक यू".

पडद्यावर नाव आलं. गोदा. वेळ, सात पंधरा.

मॅनेजर म्हणाला, "मशीन बिघडलं." त्याने ती नोंद काढून टाकली. दुसऱ्या दिवशी परत आली. तो रोज काढतो, ती रोज येते. नवीन मशीन बसवलं, त्यातही तेच.

माझ्या नावावर तेव्हापासून एकही हजेरी लागलेली नाही.

सोमवारी लेबर ऑफिसात जाऊन जबाब बदलणार आहे. ती सव्वासातपर्यंत कामावर होती आणि मीच तिला थांबवलं, असं सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे.

काल बायको ताट वाढताना माझ्या हाताकडे बघत राहिली. मी कधी ब्लीचला हात लावलेला नाही.

अंगठ्याची साल सुटत होती. पांढरी, ओली...

मी पदर नसलेला माणूस. धोतराला पुसत बसलो.