बेडकाचं डावं

आमचं जमलं. हे वाक्य चुकून आधी छापलं गेलंय. तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा.

जळगावच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. टेबलापलीकडे अचानक एक अनोळखी शर्ट येऊन बसला. "मी हेमराज, अमळनेरचा. बेडूक तुमच्याकडेच मोजतात ना?"

"मी विधी. मोजत नाही, बघते."

बेडकाच्या गर्भात सुरुवातीला डावं-उजवं नसतं. मग आतली बारीकशी लव गरगर फिरते, द्रव डावीकडे ढकलते, आणि हृदयाला कळतं कुठे वळायचं. आम्ही तो द्रव दाट केला होता... म्हणजे चाळीस पिल्लं, चाळीस गोंधळलेली हृदयं. कोणतं कुठे वळलं, दोघांनी स्वतंत्र लिहायचं.

"पाचपर्यंत नोंदी जुळल्या नाहीत, तर प्रकल्प बंद," आमचे मार्गदर्शक जीवराम सर म्हणाले. म्हणजे मी धुळ्याला, पप्पांच्या दुकानात, जन्मभर ब्लाऊजपीस दाखवत.

मी बशी बघायची, तशीच पलीकडे सरकवायची. बोटं लागायची. दोघं सॉरी. साडेचारपर्यंत चाळीस सॉरी झाले.

नोंदी ताडून पाहिल्या. एकही जुळेना!

"डोळे तपासून घ्या," मी म्हणाले. आवाज रडवेला.

"कशाला? दिवसभर तुमच्याकडेच तर होते."

"म्हणूनच!"

तो लाजला. मग भुवया आक्रसून म्हणाला, "मॅडम, अंदाजपंचे लिहिलं असतं तरी निम्मे जुळले असते. चाळीसच्या चाळीस चुकायला अक्कल लागते."

टेबलाला वळसा घालून तो माझ्या शेजारी बसला. भिंगात वाकला.

"अरे... बठ्ठं उलटं शे!"

सगळंच उलटं! माझं डावं ते त्याचं उजवं. आणि बेडकाला कुणी विचारलंच नव्हतं!

बेडकाची बाजू धरून, खांद्याला खांदा लावून, सगळी पिल्लं पुन्हा पाहिली. चाळीसच्या चाळीस जुळली. पाचला दोन मिनिटं होती. सरांनी सही केली.

"आता... पलीकडे जाऊ?" त्याने विचारलं.

"तिकडून मी कशी दिसते?"

"छान. इकडून तर भीती वाटते."

"मग?"

"इकडेच बसतो... चालेल?"

मी मान हलवली. कोणत्या बाजूला, आठवत नाही.

प्रति, मा. प्राचार्य.
विषय : पलीकडील स्टूल जप्त करणेबाबत.
महोदय, उपरोक्त स्टुलामुळे विज्ञानाचे नुकसान होत आहे. चाळीस बेडूकपिल्लांची हरकत नाही. तरी सदर स्टूल जप्त करून, श्री. हेमराज यांची डावी बाजू (बेडकाच्या पद्धतीने धरून) अर्जदाराच्या नावे तहहयात करून मिळावी, ही नम्र विनंती.