चावी सिस्टरकडे होती

बसा. जनरेटर गार व्हायला अर्धा तास तरी जाईल, आणि अंधारात ठेचकाळत फिरण्यापेक्षा इथे पॅनलरूममध्ये बसलेलं बरं. मघाशी मी ओरडलो ते मनावर घेऊ नका. पण आगीच्या वेळी उघडायच्या दारासमोर ज्यानं कुणी ते स्टूल ठेवलं होतं, त्यानं परत ठेवू नये. का, ते सांगतो. ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतली, त्याच्यासोबत मी एकोणीस वर्षं काम केलंय.

हे हॉस्पिटल नव्हे. याच्या आधी मी होतो तिथलं.

फोरमन म्हणायचे त्याला सगळे. पाणी, वीज, लिफ्ट, एसी, ऑक्सिजनची पाइपलाइन, सगळं त्याच्या अखत्यारीत. कामाला वाघ. मोटार जळायच्या आधी नुसत्या वासावरून सांगायचा, आज ही जाणार म्हणून. माणूस हसरा होता, सिस्टरांमध्ये लाडका होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला पहिल्यापासूनच राक्षस ठरवून मोकळे व्हाल. तसा नव्हता तो. तुमच्या-माझ्यासारखाच होता.

गुरुवार होता. अकरा जानेवारी. रात्रीचे पावणेनऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अग्निशमनचे अधिकारी तपासणीला यायचे होते. तिसऱ्या मजल्यावरचा अतिदक्षता विभाग नव्यानं बांधून तयार होता, पण त्यांची सही झाल्याशिवाय उघडता येणार नव्हता. फोरमननं शिडी घेतली, बॅटरी घेतली, तपासणीची यादी घेतली, टिश्यू पेपरचं पाकीट खिशात टाकलं आणि मला म्हणाला, "वायरमन, वर एक नजर टाकून येतो. वीस मिनिटांत आलोच. मग घरी."

"मी येऊ?"

"कशाला? दार ढकलून बघायला दोन माणसं लागतात होय रे?"

गेला.

आता तो विभाग नव्यानं का बांधावा लागला, ते ऐका. आदल्या वर्षी तो जळाला होता. जळाला म्हणजे, आग काही फार मोठी नव्हती. पुढच्या दारावरच्या एसीच्या वायरीनं पेट घेतला, छताचा थोडा भाग गेला, पलंगांना तर झळसुद्धा लागली नाही. माणसं मेली ती धुरानं.

त्या विभागाला मागून एक दार होतं, जिन्यात उघडणारं. पेशंटचे नातेवाईक तिथून केव्हाही आत घुसायचे. चपला घालून, लहान मुलं कडेवर घेऊन. डॉक्टरांनी तीनदा तक्रार केली. मग फोरमननं दाराला कुलूप घातलं. तपासणी असली की काढायचं, तपासणीवाले गेले की परत लावायचं. दुसरं म्हणजे एक्झॉस्ट. तो गार हवा बाहेर ओढतो, एसी पुरत नाही, म्हणून कुणीतरी कुरकुर केली. फोरमननं जाळीच्या मागे प्लायचा तुकडा सरकवला. झालं. पाच मिनिटांचं काम.

सात पेशंट गेले. आणि रात्रपाळीची सिस्टर. सव्वीस वर्षांची पोरगी. पुढून आग, म्हणून तिनं एकेक पलंगाचा ब्रेक काढून सगळे पलंग मागच्या दारापाशी ओढत नेले होते. दार उघडलं तेव्हा पलंग एका रांगेत उभे होते, आणि ती कुलपापाशी.

चावी फोरमनच्या घरी होती. पँटच्या खिशात. पँट खुंटीला.

चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, चावी कुणाकडे होती? आणि फोरमन म्हणाला, "संध्याकाळी सहाला मी सिस्टरकडे दिली होती." रजिस्टरमध्ये तशी नोंदही निघाली, त्याच्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेली. मेलेल्या माणसाला काय, कुणी उलट विचारत नाही. ठपका तिच्यावर आला. आगीत गेलेल्यांच्या नावांची पाटी खालच्या मजल्यावर लावली, तिच्यावर सातच नावं. आठवं नाही. तिच्याबरोबरच्या मुलीसुद्धा हळूहळू तिचं नाव घेईनाशा झाल्या.

एकदा तिची आई आली होती. भांडायला नाही. फोरमनच्या समोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, माझ्या लेकीकडे चावी होती, तर तिनं दार का नाही उघडलं हो?"

फोरमन म्हणाला, "घाबरली असेल."

...काय? मला माहीत होतं का?

...

त्या जनरेटरला हात लावून बघा जरा. गरम आहे ना अजून? बरं.

तर फोरमन वर गेला. दिवे लावले. नवा रंग, नवी फरशी, आठ नवे पलंग, अजून प्लास्टिकात गुंडाळलेले. मागच्या दाराला आता कुलूप नव्हतंच, आडवा दांडा होता. ढकलला की दार उघडणार. त्यानं ढकलला. उघडलं. सोडलं, तसं आपोआप मिटलं. यादीत खूण. अलार्म, खूण. सिलिंडर, खूण. मग शिडी लावून एक्झॉस्टच्या जाळीपाशी टिश्यू धरला. पंखा ओढत असला की कागद जाळीला चिकटतो, तुम्हाला माहीत आहे. चिकटला. खूण केली आणि शीळ घालत खाली उतरला.

कागद खाली पडला.

तो परत चढला. परत धरला. या वेळी कागद जाळीकडे गेला नाही. उलटा त्याच्या तोंडावर आला. जाळीतून हवा आत येत होती. गरम.

त्यानं मला फोन लावला. "काय रे, एक्झॉस्टची फेज उलटी जोडलीस का? हवा आत फेकतोय."

मी पॅनलच्या समोरच होतो. म्हटलं, "फोरमन, एक्झॉस्ट बंद आहे. पट्टा बदलायचाय म्हणून सहालाच मी ब्रेकर पाडलाय."

"चालू आहे रे. आवाज येतोय मला."

"अहो, समोर बघतोय मी. बंद आहे."

पण फोनमधून तो आवाज मलाही आला. पंख्याचा नव्हता. खूप माणसं एकदम श्वास ओढायला लागली की... तसा.

फोन तुटला.

यापुढचं त्यानं सांगितलेलं.

शिडीवरून उतरताना त्याला मागून हाक आली. "काका, मागचं दार उघडता का जरा?"

साधा आवाज. पेशंटची झोप मोडू नये म्हणून रात्रपाळीच्या सिस्टर बोलतात ना, तसा. आणि फोरमन सवयीनं म्हणाला, "हो, आलो." दोन पावलं टाकलीसुद्धा.

मग थांबला.

वळून बघायची हिंमत झाली नाही. समोर दार होतं. दारावर दांडा नव्हता. कुलूप होतं. जुनं. त्यानं हात लावला, तर तळव्याची कातडी भाजली.

"चावी तुमच्याकडे आहे ना, काका?"

"नाही..."

"मग कुणाकडे आहे?"

आता बघा, माणसाची जीभ कशी असते. वर्षभरात त्यानं ते वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं, साहेबांना, पोलिसांना, बायकोला, स्वतःला, की तेच तोंडातून बाहेर पडलं.

"सिस्टर... तुमच्याकडे."

मग ती म्हणाली, "हो का? थांबा, बघते."

आणि शोधायला लागली. खिसे चाचपल्याचा आवाज. ट्रे सरकवल्याचा. खण उघडला, मिटला. दुसरा उघडला, मिटला. धूर यायला लागला होता. आधी छतापाशी. मग दिव्यांच्या खाली. कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणी. मग सगळीकडून. आणि त्यात तिचा आवाज, धीर देणारा. "थोडा वेळ हं, आजी. घाबरू नका, मास्तर. चावी माझ्याकडेच आहे म्हणतायत काका. सापडेल."

खण. खण. खण.

"माझ्याच हातून कुठे पडली असेल. चुकलं माझं. सापडेल हं."

फोरमनला ते सहन होईना. ओरडला तो. "नाही! माझ्याकडे होती! घरी होती, माझ्या खिशात!"

सगळं थांबलं.

खोकलासुद्धा.

"मग द्या ना," ती म्हणाली.

"टाकली..."

"कुठे?"

"नाल्यात. दुसऱ्याच दिवशी."

"...बरं."

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, म्हणायचा तो. ती अगदी त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. "मग आता काही करता यायचं नाही. बसा, काका. खाली बसा. खाली धूर कमी असतो." मग म्हणाली, "अकरा मिनिटं लागतात साधारण."

तो बसला.

खोकला परत सुरू झाला. ती एकेक सांगत गेली. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला सांगतात, तसं. "तीन नंबर गेल्या." जरा वेळानं, "पाच नंबर. मास्तर." मग, "सात. याची मुलगी बाहेर बाकावर आहे." प्रत्येक वेळी एक खोकला कमी. फोरमन दार बडवत होता. मग बडवता येईना. मग नुसती नखं.

"एक नंबर."

...

"आठ."

...

शेवटी दोघंच उरले. तो आणि ती. मग तीही थांबली.

नंतर त्याला फक्त स्वतःचाच आवाज येत होता.

फोन तुटला तसा मी निघालो होतो. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेलो, मागच्याच. तिसऱ्या मजल्यावर पोचलो, घड्याळात सव्वानऊ. ऐका नीट. दार सताड उघडं होतं. दिवे चालू. धुराचा मागमूस नाही. फोरमन उंबऱ्यावर पडला होता, अर्धा आत, अर्धा जिन्यात. बाहेरची गार हवा थेट त्याच्या तोंडावर येत होती. आणि तो उघड्या दारात हवेला ओरबाडत होता. "उघड... उघड ना रे..."

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तपासलं. मला बाजूला घेऊन विचारलं, "हा कुठल्या आगीत सापडला होता?" म्हटलं, आग नाही. त्यांनी मला त्याची थुंकी दाखवली. काळी होती.

सकाळी दहाला अधिकारी आले. सगळं ठाकठीक निघालं. सही झाली.

फोरमनचा आवाज गेला तो गेलाच. कुजबुजल्यासारखं बोलायचा, दहा पावलं चालला की बसायचा. त्यानं सगळं खरं लिहून चौकशीच्या साहेबांना दिलं. ते म्हणाले, "तुम्हाला धक्का बसलाय, विश्रांती घ्या. ती फाइल बंद झालीय." पाटीवर नाव काही आलं नाही.

मार्चमध्ये मला म्हणाला, तिच्या आईकडे घेऊन चल. नेलं. दोन खोल्यांचं घर. आईनं पाणी दिलं, समोर बसली. त्यानं कुजबुजत सगळं सांगितलं. चावी माझ्याकडे होती. पायावर डोकं ठेवायला वाकला, तर तिनं पाय मागे घेतले.

"मला माहीत आहे, भाऊ," ती म्हणाली. "वर्षभर ती रोज रात्री हे घर उलथंपालथं करायची. डबे उघडायची, उशा उचलायची. मी म्हणायची, अगं बाई, तुझ्याकडे नव्हतीच ती. तर म्हणायची, आई, काका खोटं कशाला बोलतील?"

फोरमन रडायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

"जानेवारीपासून शोधायचं थांबली," आई म्हणाली. "मी विचारलं, सापडली का गं? म्हणाली, नाही. पण आता काका येणारेत."

घरी गेल्यावर त्यानं सगळी दारं बिजागऱ्यांतून काढायला लावली. मोरीचंसुद्धा. बायको लाजेनं माहेरी जायला निघाली होती. मग घरातही गुदमरायला लागला, तेव्हा खाट गच्चीवर नेली. चारी बाजूंनी मोकळं, डोक्यावर आभाळ, आणि हा हवेसाठी तडफडतोय. मी जायचो रोज संध्याकाळी. बघवत नसे.

नऊ एप्रिलला, मंगळवारी, रात्री साडेनऊला गेला. वारा इतका होता की दोरीवरचे कपडे उडत होते. डॉक्टर म्हणाले, गुदमरून. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं नव्हतं. पण नजर जात होती.

घडी न मोडलेली पांढरी चादर मीच कपाटातून काढून आणली, मीच त्याच्या तोंडावरून ओढली. रात्रभर मी आणि त्याचा धाकटा भाऊ दोन बाजूंना बसून होतो. कुणी जागचं हललं नाही.

उजाडताना भावानं माझा दंड धरला. नुसतं बोटानं दाखवलं.

चादरीवर, बरोबर तोंडाच्या जागी, काळा डाग होता. काजळीचा. तळहाताएवढा.

आणि आम्ही बघत असतानाच... तो वाढला.