उद्या, गोलपाशी, मैदानात

चेंडू आला तो थेट माझ्या टोपलीत! निम्मी सफरचंदं गवतावर, निम्मी माझ्या पायावर… आणि मागून धापा टाकत आलेला एक उंच मुलगा. हातात गोलकीपरचे जाड मोजे, कान लालबुंद.

"डोळे कुठे ठेवून खेळतोस रे?"

तो काहीतरी बोलला. अर्धं कळलं, अर्धं नाही.

रीगात तेव्हा बाल्टिक कपचे सामने चालू होते. वरून एस्टोनियावाले आलेले, खालून लिथुआनियावाले, मधे आम्ही लाटव्हियाचे. तिघांचे देश रशियापासून नुकतेच सुटलेले, संघ नवे, ऐट मात्र जन्मजात. हा विटेनिस लिथुआनियाचा राखीव गोलकीपर. म्हणजे खेळायचं दुसऱ्याने आणि याने बाकावर बसून नखं खायची. मी ऑस्मा. मैदानाच्या पश्चिम फाटकाशी मावशीच्या बागेतली सफरचंदं विकत होते.

"रशियन येते ना तुला? मग तीच बोल की," मी म्हणाले.

"मुळीच नाही! तुझी भाषा आणि माझी भाषा सख्ख्या बहिणी. मधे तिसरी कशाला?"

हे मात्र तो रशियनमध्येच बोलला. मग एक सफरचंद उचलून म्हणाला, "ओबुओलिस."

"आबोल्स," मी म्हणाले.

"बघ! बहिणी!" आणि सफरचंद खिशात घालून पळाला.

मग तो रोजच यायला लागला. मावशी चहा प्यायला गेली की नेमका. मी सफरचंद फेकायची, तो झेलायचा.

"एक तरी सोड ना!"

"सोडलं तर कीपर कसला?"

"बाकावरचा!"

कान आणखी लाल. बोलणं म्हणाल तर सगळा गोंधळच. त्याच्या वाक्यातला एखादा शब्द ओळखीचा निघायचा, बाकीचं मी माझ्या मनाने भरून घ्यायची. स्पष्टच सांगते, तो मला आवडायला लागला होता. फार. पण त्याला मी आवडत होते, की नुसतीच सफरचंदं…? तो गावी परत जायच्या आत मला हे कळायलाच हवं होतं.

शेवटचा सामना संपल्याची शिट्टी झाली. मागून त्याचा कप्तान हाका मारतोय, आणि हा धावत माझ्यापाशी. इतका गंभीर मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

"प्रिए रीतू वार्तू… लाउक्सिउ," तो म्हणाला आणि गेलाच.

मी शब्द जुळवले. रीत म्हणजे आमच्यात उद्या. वार्ती म्हणजे गोल. लाउकुम्स म्हणजे मैदान. उद्या, गोलपाशी, मैदानात! मी उड्या मारतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी भरतकामाचा निळा झगा घालून मी गोलच्या खांबाला टेकून उभी. मैदानात गवत कापायचं यंत्र ओढणारा घोडा सोडला तर चिटपाखरू नाही. घोडा माझ्याकडे बघतोय, मी घोड्याकडे. विटेनिस काही येईना. चेष्टा केली की काय माझी? की मीच काहीतरी चुकले?

आली ती मावशी, टोपल्या न्यायला. "अगं, लग्नाला निघाल्यासारखी इथे काय उभी तू?"

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. मावशीचं सासर लिथुआनियाच्या सीमेवरचं. तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! त्यांच्यात रीतू म्हणजे पूर्व. वार्ताई फाटकालाही म्हणतात. आणि लाउक्सिउ म्हणजे… वाट बघीन. पूर्वेच्या फाटकाशी तुझी वाट बघीन, म्हणाला तो! कालच, सामना संपल्यावर!"

आणि मी काल पश्चिमेच्या फाटकाने उड्या मारत घरी…

"गाडी कधीची त्यांची?"

"आत्ताचीच असेल! पळ!"

ट्राममधून उतरून मी स्टेशनात धावले. गाडी नुकती हलली होती. एका खिडकीत तो दिसला, ओठ घट्ट मिटून बसलेला.

"गाइदी! गाइदी!" मी ओरडले. आमच्यात गाइदी म्हणजे थांब, वाट बघ.

त्याचा चेहरा असा पडला, जणू मी थोबाडीत मारली. डब्यातले सगळे खो खो हसायला लागले. तो खिडकीतून वाकला. "कोंबडा? मी?" आता मात्र चक्क रशियनमध्ये. "काल अंधार पडेपर्यंत उभा होतो मी, आणि वर मलाच कोंबडा म्हणतेस?"

कोंबडा? कुठला कोंबडा? मला काही कळेना. तेवढ्यात मागून धापा टाकत मावशी आली आणि तिने त्याच्या भाषेत अशी काही तोफ डागली, की डबाच गप्प झाला. मला त्यातला एकच शब्द कळला… लाउक्सिउ.

तो आधी मावशीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे, माझ्या निळ्या झग्याकडे. कान पुन्हा लाल झाले.

गाडीने वेग घेतला. पुढचे सामने त्यांच्या गावी, कौनासला… म्हणजे अख्खं वर्ष. मी मावशीच्या हातातल्या टोपलीतलं एक सफरचंद जीव खाऊन फेकलं. त्याने एका हाताने झेललं आणि सगळ्या डब्यादेखत, अख्ख्या फलाटादेखत, माझ्या भाषेत ओरडला,

"गाइदी, ऑस्मा! गाइदी!"

त्याच्या डब्यातली माणसं पुन्हा हसली. त्यांच्यात गाइदी म्हणजे कोंबडा, त्यांना वाटलं, हा त्या पोरीला कोंबडा म्हणतोय.

"लाउक्सिउ!" मी ओरडले.