एकतीस फुल्या

ट्रंकेत गाठोडं नव्हतं.

महेंद्रने डांबरगोळ्यांच्या पिशवीखाली पाहिलं, अबोलीने कॉटखाली झाडू फिरवला आणि सुमंतने, तो दहाच वर्षांचा असल्यामुळे, पिठाच्या डब्यातही डोकावून पाहिलं. १९९४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्या तिघांवर एकच जबाबदारीचं काम सोपवलेलं होतं. रोज सकाळी गाठोडं गच्चीवर न्यायचं, तासभर उन्हात ठेवायचं आणि परत ट्रंकेत घालायचं. इतकं सोपं काम, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा बोजवारा उडाला होता.

गाठोडं नर्सआजींचं होतं. नर्सआजी म्हणजे शालूबाई, महेंद्रच्या वडिलांची आत्या. औंधच्या दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन बाळंतपणं केली. आता रिटायर होऊन त्या भाच्याकडे राहत होत्या. अबोली आणि तिचा भाऊ सुमंत शेजारचेच. सुट्टीतल्या दुपारी तिघेही नर्सआजींपाशी बसून सुईत दोरा ओवून देत आणि गोष्टी ऐकत.

नव्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं नाहीतर धोतर फाडून त्यात त्याला गुंडाळतात. नर्सआजी प्रत्येक घरून त्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा मागून आणत. बाराव्या दिवशी बारशाला गेल्या, की तुकड्यावर लाल दोऱ्याने बाळाचं नाव भरत. असे चारशे बारा तुकडे गाठोड्यात होते. त्यांतल्या एकतीस तुकड्यांवर नाव नव्हतं, नुसती एक लाल फुली होती. ती बाळं बारशापर्यंत राहिलीच नव्हती.

या सगळ्यांची मिळून एक गोधडी शिवायची होती. नोकरीतल्या पांढऱ्या साड्यांचं अस्तर नर्सआजींनी शिवूनही ठेवलं होतं. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, टाके दिसेनात, म्हणून सोमवारी त्या महेंद्रच्या वडिलांबरोबर मिरजेला ऑपरेशनला गेल्या. जाताना त्यांनी मुलांना बजावलं होतं, "मधी फुल्या लावायच्या आन् भवतीनं नावं. म्हंजे त्यास्नी ऊब लागंल. तवर गाठोडं जपा रं."

त्या गुरुवारी परत येणार होत्या. आज मंगळवार होता.

"चोर आला असणार," सुमंत म्हणाला.

"चिंध्या चोरायला?" महेंद्रने त्याला वेड्यात काढलं. "शेजारी माझं नवं घड्याळ आहे, ते ठेवून?"

अबोली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मांडणीकडे बघत होती. मांडणीवर स्टीलचं एक नवं कोरं पातेलं चकाकत होतं. तिने ते उतरवलं, उलटंपालटं केलं आणि महेंद्रपुढे धरलं. "यावर नाव नाही."

महेंद्रला आधी उमगेना. मग त्याने मांडणीवरचे तांबे, ताटं, वाट्या एकेक करून पाहिल्या. प्रत्येकावर त्याच्या आईचं नाही तर वडिलांचं नाव होतं. दुकानात भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव घालून देतोच. मग नावाशिवायचं भांडं घरात कुठून येतं? जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई येते ना दारावर, तिच्याकडून.

महेंद्रची आई, नीलिमाकाकू, परसात धुणं वाळत घालत होती. बाई स्वभावाने वाईट नव्हती, फक्त कायम घाईत असायची. तिने सरळ कबूल केलं. काल दुपारी भांडीवाली आली होती, पातेल्यासाठी कपडे कमी पडत होते, म्हणून ट्रंकेतलं गाठोडंही देऊन टाकलं. "चिंध्याच होत्या की त्या. डाग पडलेल्या, हाताएवढ्या. आत्याबाईंना मी चांगलं कापड आणून देईन."

मग महेंद्रने तिला सांगितलं, त्या चिंध्या कसल्या होत्या ते.

नीलिमाकाकू ओल्या कपड्यांची बादली तशीच सोडून पायरीवर बसली. आत्याबाई पाच वर्षं तिच्या घरात राहत होत्या. रोज संध्याकाळी तिच्यासमोर ते गाठोडं सोडत होत्या आणि बांधत होत्या. त्यात काय आहे, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांचं हे असं असतं. विचारायला त्यांना वेळ नसतो आणि रडायला मात्र सापडतो.

भांडीवाली बनुबाई रहिमतपूरची, एवढं नीलिमाकाकूला ठाऊक होतं. अर्ध्या तासात तिघे एसटीत होते.

बनुबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही, कारण दारातच जुन्या कपड्यांचा डोंगर होता. तिने मुलांना पाणी दिलं आणि गाठोड्याचं नाव काढताच मान हलवली.

"चिंध्या व्हय? त्या सकाळीच गेल्या गड्या. चांगली कापडं आमी बाजारात इकतो. बारकं तुकडं यल्लाप्पा नेतो टेंपोतनं, शिरवळच्या कारखान्यात. मशिनी पुसाय लागत्यात तिथं."

"पुसून झाल्यावर काय करतात?" अबोलीने विचारलं.

बनुबाईने एका लुगड्याची घडी घालत खाली मान घातली. "मला काय ठावं," ती म्हणाली, पण तिला माहीत होतं हे मुलांना कळलं.

यल्लाप्पाचा टेंपो बुधवारी पुन्हा शिरवळला जायचा होता. मुलांनी घरी साताऱ्याच्या मावशीचं नाव सांगितलं (हे चुकीचंच होतं, आणि पुढे त्याबद्दल बोलणीही बसली), आणि बुधवारी दुपारी तिघे चिंध्यांच्या पोत्यांवर बसून निघाले. सुमंतला वाटेत गाणी म्हणायची होती. दोन ओळींनंतर तो पोत्यांच्या गाठी मोजू लागला.

कारखान्याच्या फाटकातून पोत्यांबरोबर मुलंही आत गेली. गोदामात देवदत्तसाहेब नावाचे अधिकारी टेबलावर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं, म्हणजे पान उलटेपर्यंत तरी ऐकलं. कालचं पोतं काल दुपारीच फोडून कामगारांना वाटलं होतं. वापरलेल्या चिंध्या मागच्या पिंपांत जातात आणि रोज चार वाजता जाळतात.

"काल जाळल्या?" महेंद्रने विचारलं.

"रोज म्हणजे रोज. काल उशिरा टाकलेल्या असतील एखाद्या पिंपात. पण मुलांना मागे सोडता येत नाही. अरे, चिंधी ती चिंधी. सुती असली की झालं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

अबोलीने सुमंतच्या कानात काहीतरी सांगितलं. सुमंतने लगेच पोट धरलं आणि तोंड इतकं वेडंवाकडं केलं की साहेबांनी घाबरून त्याला आपल्या संडासाची वाट दाखवली. सुमंत आत गेला. थोड्या वेळाने आतून रडका आवाज आला, "कडी अडकली हो!" साहेब धावले, रखवालदार धावला. आधी दोघांनी बाहेरून दार ओढलं, मग दोघांनी ढकललं. आत सुमंत कडी घट्ट धरून बसला होता.

तोवर महेंद्र आणि अबोली मागच्या अंगणात पोहोचले होते.

तिथे तीन पिंपं होती. दोनांत नुसती गार राख होती. तिसरं काठोकाठ भरलेलं होतं, पण त्यातली प्रत्येक चिंधी वंगणाने काळीकुट्ट झालेली. हिरवं लुगडं कुठलं, पांढरं धोतर कुठलं, काही म्हणता काही ओळखू येईना. महेंद्रने दोन मुठी चिंध्या उपसल्या, पाहिल्या आणि परत पिंपात टाकल्या. "संपलं. चल परत."

"डोळे मिट," अबोली म्हणाली. "नर्सआजींनी नावं भरलीत ना? टाके हाताला लागतील."

दोघांनी डोळे मिटले. एकेक चिंधी बोटांखालून जाऊ लागली. सपाट, सपाट, सपाट. मग महेंद्रच्या बोटाला बारीक उंचवटा लागला. त्याने नखाने वंगण खरवडलं. काळ्यातून तांबडा दोरा दिसला.

तेवढ्यात कृष्णात नावाचा एक कामगार रॉकेलचा डबा घेऊन आला. ही पोरं कोण, हे त्याने विचारलं नाही. त्याने अबोलीच्या हातातला तुकडा बघितला, नाव वाचलं आणि डबा खाली ठेवला. "पंधरा मिन्टं थांबतो. त्याहून जास्त न्हाई जमायचं," तो म्हणाला आणि त्यानेही पिंपात हात घातला.

पंधरा मिनिटं संपली तेव्हा पिंपाचा तळ लागला होता. तेवीस तुकडे मिळाले. बावीस नावं आणि एक फुली. तिकडे संडासाचं दार अखेर उघडलं होतं आणि सुमंत साहेबांना फार मनापासून धन्यवाद देत होता.

परतीच्या वाटेवर टेंपोत सुमंतने विचारलं, "तेवीस म्हणजे पुष्कळच ना?" अबोलीला त्याला हो म्हणायचं होतं. ती तुकडे पुन्हा मोजू लागली.

गुरुवारी नर्सआजी आल्या. एका डोळ्यावर पट्टी होती. घरातलं कुणी बोलायच्या आतच अबोलीने सगळं सांगून टाकलं, पातेल्यापासून पिंपापर्यंत. नीलिमाकाकू भिंतीला टेकून उभी होती. नर्सआजी तिच्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"फुल्या किती गावल्या?"

"एक."

त्यांनी हात पुढे केला. अबोलीने तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. दोनदा सोड्यात उकळूनही तो काळाच राहिला होता. नर्सआजींनी तो नाकाशी नेला, मग उजव्या डोळ्यापाशी धरला, मग बोटांनी चाचपला. "लुगड्याचा हाय. लुगड्याच्या फुल्या नऊ हुत्या. त्यातली कंची, ते आता कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. मुलांच्या धाडसाचं कौतुक झालं. शाळेच्या पटांगणात सरपंचांनी तिघांना शाईची पेनं दिली, गुरुजींनी सुमंतच्या हुशारीवर भाषण केलं, लोक पोट धरून हसले. नीलिमाकाकू दारोदार फिरली. ज्यांची नावं गाठोड्यात होती ती माणसं आता कुणी ड्रायव्हर होती, कुणी मास्तर, कुणी दोन लेकरांची आई. त्यांनी आपल्या जुन्या कपड्यांचे तुकडे आनंदाने दिले. महिना संपता संपता दोनशेच्या वर तुकडे जमले आणि पांढऱ्या अस्तराच्या कडा रंगीत दिसू लागल्या.

मधली, फुल्यांची जागा तशीच रिकामी होती. तिथे नवं कापड लावू या, असं नीलिमाकाकूने हळूच सुचवलं. नर्सआजी म्हणाल्या, "जित्या माणसांचं जितं माणूस देतंय. त्यांचं कोण देणार?"

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी, बायडाबाई आली. मळ्याकडच्या वस्तीवरची साठीची बाई. तिला गावात कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. ती उंबऱ्यापाशी बसली आणि म्हणाली, "एक फुली गावली म्हनं."

नर्सआजींनी तिला ओळखलं. अबोलीला खूण केली. अबोलीने तो काळा तुकडा बायडाबाईच्या हातात दिला. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. अंगठा आणि बोट यांच्यात धरून ती कापड चोळत राहिली.

"माझं सासऱ्याच्या धोतराचं हुतं. लय पातळ," ती म्हणाली. "ह्ये माझं न्हवं."

"न्हाई, बायडा," नर्सआजी म्हणाल्या. "तुझं न्हवं."

बायडाबाई उठली. पदर सारखा करून दारापर्यंत गेली. मुलांना वाटलं, गेली. पण ती परत फिरली, गोधडीपाशी येऊन बसली आणि अबोलीला म्हणाली, "सुई ओवून दे गं पोरी."

तिने तो तुकडा पांढऱ्या जागेच्या मधोमध ठेवला आणि चारी बाजूंनी बारीक टाके घालत शिवला. घाई केली नाही. शिवून झाल्यावर दोरा दाताने तोडला.

"ही पोरं शोधाय गेली," ती म्हणाली, "लय मोठं काम केलं. आमच्या लेकरांचं काय उरलंय का, आमी कवा न्हाई गेलो शोधाय." मग तिने नर्सआजींना विचारलं, "माझं कुठं बसणार हुतं?"

नर्सआजींनी काळ्या तुकड्याच्या शेजारी, डाव्या अंगाला, पांढऱ्या अस्तरावर बोट टेकवलं.

बायडाबाईने त्या जागेवर तळहात ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.